दोनदा गिळायचं

आत्या आमच्याकडे आली ती पंधरा दिवसांच्या बोलीवर. खांद्याला एक पिशवी, पिशवीत कपड्यांचे चार जोड, गुडघ्याला लावायचं तेल आणि तिची स्वतःची उशी. परक्या उशीवर तिला झोप येत नाही. दारातच तिने आईला सांगितलं, "तुझी सुट्टी संपली म्हणून आलेय. पंधरा दिवस. भाऊ जरा मार्गी लागला की मी माझ्या खोलीवर." आईने मान हलवली. दोघींनाही तेव्हा ते खरंच वाटत होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. उभं आयुष्य तिने एका छापखान्याच्या बाइंडिंग खात्यात काढलं. छापलेले कागद दुमडायचे, जुळवायचे, शिवायचे, पाठीला खळ लावायची, पुठ्ठा चढवायचा आणि दाबाखाली ठेवायचं. काम चोख, पण गोगलगायीच्या चालीने. "बाई, तुमच्या हातून पुस्तक सुटेपर्यंत लिहिणारा म्हातारा होतो," असं तिचा मालक म्हणायचा. ती म्हणायची, "होऊ दे. पुस्तक तर म्हातारं होणार नाही ना?" नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत आजारपणात गेला, मूलबाळ नाही. सायकलच्या दुकानावर तिची एक खोली होती. एकटीचा कारभार, कुणाला हिशोब द्यायचा नाही. निवृत्त झाल्यावर तिने एकच चैन केली: सकाळी उशिरा उठणं.

बाबा तिच्या अगदी उलट. बसचे ड्रायव्हर. दोन फेऱ्यांच्या मधे जेवायची सवय, त्यामुळे घास तोंडात टाकायचा आणि चावायचं काम पोटावर सोपवायचं. सुट्टीच्या दिवशीसुद्धा मागे कुणीतरी हॉर्न वाजवतंय असं जेवायचे. सणासमारंभाला भावंडं शेजारी बसली की आत्याचं पान निम्मं व्हायच्या आत बाबा हात धुऊन दात कोरत उभे. "ताई, तू अजून इथेच? मी एक फेरी मारून आलो." ती मान वर न करता म्हणायची, "मार आणखी एक."

तर हे बाबा एका सकाळी डेपोत उभ्याउभ्या चहा पीत होते. पहिला घोट आत गेला आणि नाकातून बाहेर आला. बरोबरचा कंडक्टर हसला. "हळू हो, गाडी काय तुम्हाला सोडून जाणारेय?" बाबाही हसायला गेले, पण जमीन एका बाजूला कलली. मग उचकी लागली. ती थांबेना. ते बसच्या पत्र्याला हात टेकून खाली बसले. गाडी सुटायला थोडाच वेळ होता. आत माणसं बसली होती. तो चहा अजून थोडा उशिरा घेतला असता तर, हे वाक्य आमच्या घरात अजूनपर्यंत कुणी पुरं केलेलं नाही.

मेंदूच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर, एक बारीकशी गाठ अडकली होती रक्ताची. डॉक्टर म्हणाले, "नशीबवान आहात, हातपाय वाचले." ते खरं होतं. थोड्याच दिवसांत बाबा भिंतीला धरून चालायला लागले. आवाज बसला होता, चाल जरा तिरकी होती, पण बघणाऱ्याला वाटावं, आहे काय यात! गेला होता तो घसा. घशाची उजवी बाजू झोपली होती. अन्न सोडा, स्वतःची थुंकी खाली उतरत नव्हती. माणूस दिवसभरात किती वेळा नकळत थुंकी गिळतो, ते आम्हाला तेव्हा कळलं, कारण तितक्या वेळा बाबा हातातल्या पेल्यात थुंकायचे. नाकात एक नळी, ती गालावर चिकटपट्टीने चिकटवलेली, आणि तिच्यातून पोटात जे जाईल ते जेवण. हात लुळा पडला असता तर लोकांना दिसला असता. हे दिसायचं नाही, म्हणून लोकांना पटायचंही नाही.

आई औषधं पॅक करण्याच्या कारखान्यात पाळ्यांवर. मी विम्याच्या ऑफिसात, सकाळी गेले की संध्याकाळी परत. म्हणजे दिवस सगळा आत्याच्या वाट्याला आला.

दवाखान्यातून घरी पाठवायच्या आधी एक तरुण बाई आल्या. पांढरा कोट, पायात बूट, केस घट्ट बांधलेले. त्या बोलणं आणि गिळणं बिघडलेल्यांवर उपचार करायच्या. खुर्ची बाबांच्या अगदी समोर ओढून त्यांनी स्वतःची बोटं बाबांच्या कंठमण्यावर ठेवली आणि म्हणाल्या, "गिळा."

आमच्या घरात 'गिळ' हा रागाचा शब्द. हाका मारूनही कुणी ताटावर आलं नाही, की आई म्हणायची, "ये एकदाचा आणि गिळ!" त्यामुळे बाबांनी आधी आईकडे बघितलं, मग त्या बाईंकडे.

"जोर लावून गिळा. काही नाहीये तोंडात, तरी गिळा. मोठी गोळी आहे असं समजा. हं, गिळा."

बाबांनी डोळे मिटले, मान ताठ झाली, चेहरा लाल झाला. कंठमणी जरासा हलला आणि तिथल्या तिथे खाली बसला. बाबा पेल्यात थुंकले.

"छान," त्या म्हणाल्या. "परत गिळा."

त्या गेल्यावर बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले, "ही गिळा मॅडम कोण?" तेच नाव पडलं. पुढे तर आम्ही तोंडावर 'गिळा मॅडम' म्हणून बसू की काय, अशी धास्ती असायची.

मॅडमनी व्यायाम आत्याला शिकवले. पाठीवर झोपून खांदे न उचलता नुसतं डोकं उचलायचं आणि पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहायचं. जिभेचं टोक दातांत धरून गिळायचं. गिळताना कंठमणी वर गेला की त्याला तिथेच थोपवून धरायचं. दात आणि जीभ दिवसातून कितीदातरी स्वच्छ करायची, कारण तोंडातली घाण थुंकीबरोबर फुफ्फुसात उतरली की ताप ठरलेला. आत्या प्रत्येक गोष्ट आधी स्वतः करून बघायची. जमिनीवर आडवी झाली, डोकं उचललं आणि म्हणाली, "अगं बाई, मला माझे अंगठेच दिसत नाहीत. मधे पोट आहे." मॅडम हसल्या. ते हसू मला आठवतं, कारण पुढे बरेच महिने आमच्या घरात कुणी तसं हसलं नाही.

पंधरा दिवस कधी सरले कळलं नाही. आत्याने उशी परत पिशवीत भरली नाही, एवढंच.

तिचा दिवस मिक्सरच्या आवाजाने सुरू व्हायचा. भाजी, भात, दूध जे काय असेल ते शिजवायचं, वाटायचं, गाळायचं, पुन्हा गाळायचं. एक कण राहिला तरी नळी तुंबायची. मग मोठ्या सिरिंजने सावकाश आत सोडायचं, वरून पाणी सोडायचं, त्यांना ताठ बसवून ठेवायचं. ते होतंय तोवर तोंड धुवायची वेळ. मग व्यायाम. मग पेला धुवायचा, टॉवेल धुवायचा, पुढचं वाटायला घ्यायचं. बाबा मधेच डोळा लागून घसरले, तर काखेत हात घालून त्यांना वर ओढायचं. आत्याचा डावा खांदा तेव्हा धरला, तो अजून सुटलेला नाही.

घरातल्या बाकीच्यांचं जेवणही बदललं. कांदा परतला की वासाने बाबांच्या तोंडाला पाणी सुटायचं. तोंडाला पाणी सुटणं ही काय चांगली गोष्ट! पण ते पाणी गिळता येत नसेल तर तो छळ. बाबा खोलीत बसून एकामागून एक पेले भरायचे आणि आमच्याकडे चोर पकडल्यासारखं बघायचे. मग आई सकाळी लवकर काहीतरी उकडून ठेवायला लागली, आणि आम्ही तिघी स्वयंपाकघराचं दार लावून, उभ्यानेच, ताटलीला चमचा लागू न देता जेवायला लागलो. स्वतःच्याच घरात चोरून खायचं. आत्याला तसं पटापट जमायचं नाही. चार घास खाऊन ती ताटली ठेवून द्यायची. "भूक नाही गं." तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत जायला लागल्या, तेव्हा आईच्या लक्षात आलं.

आणि भेटायला येणारे. त्यांच्यावर तर एक वेगळं प्रकरण होईल. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अहो, काही होत नाही, चमचाभर पाणी द्या. तहानलेल्याला पाणी नाही म्हणजे काय माणुसकी झाली?" आत्या म्हणाली, "चमचाभर पाण्यानेच होतं जे व्हायचं ते." काकू म्हणाल्या, "आमच्या दिरांना असंच झालं होतं, ते महिन्यात खडखडीत बरे झाले." आत्या म्हणाली, "मग त्यांनाच पाठवा इकडे, चार दिवस राहतील." काकू परत आल्या नाहीत. आत्याला त्याचं वाईट वाटलं. एरवी ती कुणाला तोडून बोलणारी नव्हती. "माझी जीभ अशी नव्हती गं," ती मला म्हणाली. "झोप झाली नाही की जीभ अशी होते."

पुढे मॅडमनी बाबांना क्ष-किरणांच्या खोलीत नेलं. एका पांढऱ्या औषधात कालवलेला घास बाबांना गिळायला दिला आणि तो आत कसा जातो ते पडद्यावर दाखवलं. मी आणि आत्या काचेमागे. बाबांच्या कवटीची आणि मानेची सावली, आणि तिच्यात एक पांढरा ओघळ. घास जिभेच्या मागे गेला, थबकला, घशाच्या एका कोपऱ्यात साचला. मग त्यातली एक बारीक रेघ पुढच्या बाजूने, भलत्याच वाटेने खाली उतरली.

"ती श्वासाची नळी," मॅडम म्हणाल्या.

"पण त्याला ठसका कुठे लागला?" आत्याने विचारलं.

"तेच तर. ठसका लागला असता तर बरं होतं. आत राखणीचा कुत्राच झोपलाय. चोर आला तरी भुंकत नाही."

मग मॅडमनी बाबांना मान उजवीकडे, म्हणजे झोपलेल्या बाजूकडे वळवायला सांगितली, हनुवटी खाली. पुन्हा एक घास. या वेळी तो डावीकडून, जागत्या बाजूने, अर्धाअधिक नीट उतरला. "आता पुन्हा गिळा. रिकामं. दोनदा गिळायचं." राहिलेलाही बराचसा गेला. आत्याने काचेला हात टेकला होता, तिथे तिच्या तळव्याचा ओला ठसा उमटला.

त्या दिवसापासून चमचा सुरू झाला. दिवसातून दोनदा, मॅडमनी ठरवून दिलेले थोडेच चमचे. उकडून घोटलेला बटाटा, दही, शिजवलेलं सफरचंद. पातळ काहीच नाही. पाणीसुद्धा पावडर घालून घट्ट केलेलं. आत्याला वाटलं, हे तर आपल्या हातचं काम. आयुष्यभर तिने खळ शिजवली होती, पातळ कधी आणि दाट कधी हे तिला चमचा फिरवूनच कळायचं. तिने पहिल्या दिवशी पाण्याची अशी काही खळ केली की चमचा त्यात उभा राहिला.

बाबांनी तोंडात घेतलं, मान वळवली, गिळलं, पुन्हा गिळलं, तिसऱ्यांदा गिळलं. मग म्हणाले, "ताई, मी काय पुस्तक आहे का? पाठीला पुठ्ठा पण लाव आता."

दुसऱ्या दिवशी घरी बघायला आलेल्या मॅडमनी ते पाहिलं आणि पळीभर पाणी आणखी घातलं. "आत्या, इतकं दाट नको. पातळ पळतं, पण फार दाट घशाला चिकटून राहतं आणि मग मागाहून घसरतं. मधासारखं हवं, चमच्यावरून सावकाश ओघळणारं." आत्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं होतं, या सगळ्यात एवढी एक गोष्ट तरी आपल्याला येते. पण ती शिकली. पुढे डोळे मिटून मधासारखं करायची.

एक वाटी संपायला तास जायचा. मान वळव. हनुवटी खाली. गिळ. पुन्हा गिळ. 'आ' म्हण. 'आ' म्हणताना घशात बुडबुडे आल्यासारखा आवाज आला तर खाकरायचं आणि पुन्हा गिळायचं. ज्या माणसाने जन्मात एक घास नीट चावला नाही, त्याच्यासमोर बसून आत्या एकेका चमच्याची वाट बघायची. बाबांचा धीर सुटायचा. कधी वाटी ढकलून द्यायचे. कधी नळीच उपटून टाकायचे, मग ती घालायला पुन्हा दवाखाना. एकदा म्हणाले, "यापेक्षा गेलो असतो तर सुटलो असतो." आत्या फडक्याने टेबल पुसत होती. "तू सुटला असतास रे. 'आ' म्हण."

असं चाललं होतं, आणि उन्हाळा आला.

तहान ही काय चीज आहे, ते मी बाबांच्या डोळ्यांत बघितलं. नळीतून पोटात पाणी भरपूर जात होतं, शरीराला काही कमी नव्हतं. पण तोंडाला ते कसं कळणार? घट्ट पाण्याने तहान भागत नाही, उलट तोंड आणखी चिकट होतं. बाबा खिडकीत बसून खाली रस्त्यावर बाटली तोंडाला लावणाऱ्या माणसांकडे बघत राहायचे. कुणी गटागटा प्यायलं की यांचा कंठमणी आपसूक वर यायचा. आत्या ओल्या फडक्याने त्यांची जीभ आणि ओठ पुसायची. मॅडमना विचारायची, "साधं पाणी कधी?" मॅडम म्हणायच्या, "अजून थोडं थांबू. गिळण्यात जोर येतोय."

थोडंच थांबायचं होतं. आणि बाबांना ताप आला. संध्याकाळपर्यंत छाती घरघरायला लागली. फुफ्फुसात पू, प्राणवायूचा मुखवटा, पुन्हा तोच वॉर्ड, उशाशी बसायला पुन्हा तीच हिरवी खुर्ची. मॅडम आल्या, छाती ऐकून गेल्या, परत आल्या. "आत्या, काही पातळ दिलंत?"

"नाही हो." आत्या घाबरून गेली. सकाळपासूनचा एकेक चमचा आठवायला लागली. दही जास्त पातळ होतं का? सफरचंदात फोड राहिली का? झोपवलं लवकर का? तीन दिवस ती तेच उगाळत होती. माझी शपथ घेऊन झाली, आईची घेऊन झाली, सगळं झालं.

ताप उतरल्यावर बाबांनी सांगितलं. अंघोळ करताना. नळाला तोंड लावून. "रोज नाही. चार-पाच वेळा. एकेकच घोट." मग म्हणाले, "काय गार होतं."

मला वाटलं, आत्या आता रडेल किंवा ओरडेल. तिने त्यांची चादर नीट केली, पेला धुऊन आणला, उशाशी ठेवला. बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आई कामावरून थेट तिथे आली होती, हातात डबा. आत्या तिला म्हणाली, "अगं, मी चार दिवस माझ्या खोलीवर जाते."

"जा ना ताई," आई म्हणाली. "तुम्ही जाच."

"चिडून नाही जात."

"मला माहीत आहे."

"मी रागावलेच नाही त्याच्यावर. तेच मला कळेना. रागावायलासुद्धा अंगात काही उरलं नाही बघ."

मग आईने डबा उघडला, आणि दोघी नणंदा-भावजया त्या बाकावर जेवल्या. आईने नंतर सांगितलं, की आत्या जेवता जेवता घास हातात धरूनच झोपली होती.

आत्या गेली. आईने रजा घेतली, मी अर्धा दिवस घेतला, आणि बाबा घरी आल्यावर चमचा माझ्या हातात आला. मला वाटलं होतं, काम कंटाळवाणं आहे, अवघड नाही. पण समोर बसल्यावर कळलं, की चमच्यावर घेतलेलं अन्न आपल्याला नेहमी कमीच वाटतं. हात आपोआप थोडं जास्त भरतो. आणि एक घास उतरायच्या आत दुसरा पुढे जातो. पाठीला कळ लागते, नजर घड्याळावर जाते. बाबांचं गिळून व्हायच्या आत माझाच आवंढा दोन-दोनदा गिळून झालेला असायचा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माझं मनगट धरलं.

"एवढं नको. ताई एवढा भरत नाही चमचा. घाई करू नकोस."

घाई करू नकोस! आई स्वयंपाकघरातून बाहेर येऊन बघायला लागली, हे कोण बोललं.

मग त्यांनी स्वतःच मान वळवली, हनुवटी खाली घेतली, गिळलं, पुन्हा गिळलं, आणि कुणी न सांगता 'आ' म्हणाले. दुपारी मी पाहिलं तर ते जमिनीवर आडवे होऊन डोकं उचलून अंगठ्यांकडे बघत होते. अंघोळीला जाताना दार उघडं ठेवायचे. त्यामागे आजारपणाची भीती होती, की बहिणीची शरम होती, ते मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नसतं.

आत्या चार दिवसांनी नाही, आठवड्याने आली. दोन दिवस ती नुसती झोपली होती. खालचा सायकलवाला काळजीने दार वाजवून गेला. नंतर तिने कांदा परतून भाजी केली आणि दार सताड उघडं टाकून, बसून, दोन वेळा वाढून घेऊन जेवली. एवढं सांगून ती म्हणाली, "मग वाटलं, आता तिकडेही कुणाचा तरी खांदा जाईल."

बाबा खिडकीत होते. "आलीस?"

"आले."

"जरा राहायचं होतंस की."

"राहिले की आठवडाभर. बस नीट. तोंड धुतलंस?"

यापेक्षा जास्त बोलणं त्या विषयावर दोघांत झाल्याचं मला माहीत नाही. फक्त आत्याने एक अट घातली. रविवार तिचा. रविवारी वाटणं, गाळणं, चमचा सगळं आईकडे आणि माझ्याकडे. रविवारी ती खोलीवर जायची आणि सोमवारी परत यायची. मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हे मीच तुम्हाला पहिल्या महिन्यात सांगायला हवं होतं."

पावसाळा गेला, थंडी आली. दुसऱ्या वेळी क्ष-किरणांच्या खोलीत तो पांढरा ओघळ बहुतेक सगळा योग्य वाटेने गेला. थोडा कोपऱ्यात साचला, तो दुसऱ्या गिळण्याने गेला. एकदा जरासा भलतीकडे वळला, तर बाबांना खणखणीत ठसका लागला. मॅडमनी टाळीच वाजवली. "भुंकला! राखणदार जागा झाला!" ठसक्याचं एवढं कौतुक मी पहिल्यांदाच बघितलं. काही दिवसांनी नळी निघाली. गालावर चिकटपट्टीचा लाल पट्टा बरेच दिवस राहिला. मग दात स्वच्छ घासून, जेवणाच्या वेळा सोडून, मान वळवून साध्या पाण्याचे थोडे घोट. पहिल्या घोटाला आम्ही सगळे समोर बसलो होतो. बाबांनी गिळलं, दोनदा गिळलं, 'आ' म्हणाले. आवाज स्वच्छ होता. आम्हाला वाटलं काहीतरी बोलतील. ते म्हणाले, "कोमट आहे."

सगळं पूर्वीसारखं झालं असं मी म्हणणार नाही. कोरडं, भुगा होणारं, दोरे निघणारं काही त्यांना आजही चालत नाही. चहा अजून घट्ट करूनच घेतात, आणि त्याला चहा म्हणायला तयार नसतात. गाडी पुन्हा हातात आली नाही. डेपोने त्यांना आत टेबलावर बसवलं, तिथे ते येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या वेळा लिहितात. जेवणाच्या सुट्टीत सगळे उठून गेले तरी हे एकटे मान वळवून बसलेले असतात. सुरुवातीला लोक बघायचे, आता बघत नाहीत. आई म्हणते, त्या एका वर्षात आपलं वय पाच वर्षांनी वाढलं. आत्या तिच्या खोलीवर परत गेली, उशीसकट. दुपारी तिला फोन केला तर उचलत नाही, झोपलेली असते. आम्ही करतही नाही.

मागच्या महिन्यात बाबांना दाखवायला दवाखान्यात गेलो, तेव्हा आत्याही आली होती, तिचा खांदा दाखवायचा होता. बाहेर गर्दी. बाकावर आमच्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर थर्मास आणि गुंडाळलेला टॉवेल. तिच्या पलीकडे चाकाच्या खुर्चीत तिचा नवरा, नाकात नळी, हातात पेला. ती बाबांकडे बघत होती. बाबा पाणी पीत होते, मान वळवून. बराच वेळ बघून तिने आत्याला हळूच विचारलं, "यांनाही असंच होतं का हो? किती दिवस लागतात?"

मला वाटलं आता ती व्यायाम सांगेल, मधासारखं पाणी सांगेल, निदान 'होईल बरं' तरी म्हणेल. ती त्या बाईच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्ही जेवलात का?" तिने विचारलं.

"मी? सकाळी... नाही. यांचं आटोपलं की..."

"यांच्याजवळ माझा भाऊ बसेल. त्याला कळतं सगळं. उठा."

ती बाई नको नको म्हणत होती. आत्याने तिच्या मांडीवरचा टॉवेल उचलून बाबांच्या हातात दिला आणि तिला घेऊन कँटीनकडे गेली. बाबा खुर्ची सरकवून त्या माणसाच्या शेजारी बसले. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

त्या दोघी बराच वेळ आल्या नाहीत. आतून आत्याचा नंबर पुकारला, मी उठून उभी राहिले, इकडेतिकडे बघितलं. दुसऱ्यांदा पुकारला. मग पुढच्याचा पुकारला.

"गेला नंबर," बाबा म्हणाले. "तुझी आत्या जेवायला बसली म्हणजे आता संध्याकाळ."